जिवंत बाईला श्रद्धांजली

मी एका जिवंत बाईला श्रद्धांजली वाहिली आहे. घाईघाईत यादीत नाव शिरलं, असं नव्हे. चांगली माइकसमोर उभी राहून, चष्मा काढून, पदराचं टोक डोळ्याला लावून वाहिली. तिच्या फोटोला चंदनाचा हार घातला, भरल्या सभागृहाला दोन मिनिटं उभं केलं, आणि घरी येऊन वर यांना विचारलं, "आज मी बरी बोलले, नाही?"

हे पायमोजे काढत म्हणाले, "गेलेली बाई उठून बसेल, इतकं छान."

त्या दिवशी मला ते कौतुक वाटलं.

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळात वार्षिक संमेलनाची सुरुवात श्रद्धांजलीने होते. दिवा लागतो, आणि स्वागतगीताच्या आधी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात. आधी सभासदांची, मग आपल्या आवडीच्या कलावंतांची. कोरोनामुळे दोन वर्षं संमेलन झालंच नव्हतं, त्यामुळे त्या वर्षी दोन्ही वर्षांची यादी एकत्र वाचायची होती. सभासदांचीच नावं इतकी झाली, की आमच्या सचिवांना काळजी पडली, म्हाताऱ्या माणसांनी उभं राहायचं तरी किती वेळ? म्हणून कलावंत चारच घ्यायचे ठरलं, आणि ते चार निवडायचं काम माझ्याकडे आलं.

सचिव बँकेतून रिटायर झालेले, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला काकू म्हणतात आणि उरलेल्या जगाला इंदुरी 'भिया', म्हणजे भाऊ.

"काकू, ती एक होती बघा, आमच्या आईची फेवरेट," ते म्हणाले. "नाटकात होती, मग पिक्चरमध्ये पण आली. ती तर ऑफ झाली ना?"

"केव्हाच," मी म्हटलं.

"पक्कं?"

"अहो, पेपरात आलं होतं. आतल्या पानावर, एवढीशी बातमी. मला इतकं वाईट वाटलं होतं!"

मी शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे मला सगळं माहीत असतं असा मंडळाचा समज आहे, आणि तो दूर करायचा प्रयत्न मी कधी केलेला नाही. 'मला माहीत नाही' एवढं वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. आणि वाईट वाटल्याचं तर मला खरोखर आठवत होतं. खुर्ची, पेपर, वाईट वाटणं, सगळं. फक्त ती बातमी तिची नव्हती. तिच्या एका नाटकात जिने तिच्या सासूचं काम केलं होतं, त्या बाईंची होती. हे मला आठवलं सगळं उरकल्यावर.

ती म्हणजे कोण, हे सांगायचं तर मला माझ्या एकोणीस वर्षांच्या अवतारात शिरावं लागेल, आणि ती मुलगी मला आता फारशी सहन होत नाही. नाकापेक्षा तोरा मोठा. तिच्यासारखी कपाळावर केसांची महिरप हवी म्हणून या मुलीने आईच्या शिवणाच्या कात्रीने स्वतःच केस कापले आणि तीन महिने कपाळावर जळालेलं गवत घेऊन कॉलेजला गेली. तिच्यासारखं मान तिरकी करून बोलायची सवय लावून घेतली. एका काकांनी शेवटी वडिलांना विचारलं, "पोरीच्या मानेला काही झालंय का?" तिचे फोटो मासिकांतून कापून एका वहीत चिकटवले होते आणि ती वही उशाखाली असायची.

पुढे तिचं नाटक इंदूरला आलं. कुठल्याशा मुलाखतीत वाचलं होतं, की तिला साबुदाण्याची खिचडी आवडते. झालं. मी डबा भरून रंगपटाच्या दारात दोन तास उभी. शेवटी ती बाहेर आली, अर्धा मेकअप उतरलेला, आणि मी डबा पुढे केला. ती म्हणाली, "ठेवा तिथे." आणि गेली.

बस, एवढंच. 'ठेवा तिथे.' पण दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी जे सांगितलं, त्यात तिने डबा उघडला होता, घास खाल्ला होता, माझा हात हातात घेतला होता आणि म्हणाली होती, "अगं, अशी खिचडी मी मुंबईत खाल्ली नाही." पन्नास वर्षं सांगून सांगून या प्रसंगाला इतकी झिलई आली होती, की त्यातलं खरं कुठलं हे मलाही शोधावं लागे.

आणि इतकं करून मी तिला विसरले. कधी, ते सांगता येत नाही. लग्न झालं, वही माहेरी राहिली. पुढे तिचं नाव मोठ्या अक्षरांतून लहान अक्षरांत गेलं, मग इतर कलाकारांच्या ओळीत गेलं, मग ती ओळ वाचायला मला वेळ नव्हता. आई गेल्यावर माहेरचं आवरताना वही सापडली. तिची पानं आईने मसाल्याच्या कपाटात डब्यांखाली अंथरली होती. एका चेहऱ्यावर हळदीचा गोल डाग होता. मी हसले आणि चांगलं दिसणारं एक पान तेवढं ठेवून दिलं. ती आता कुठे असेल, हा विचार तेव्हाही मला शिवला नाही.

हार घातला तो त्याच पानावरच्या फोटोला.

सचिवांनी 'पक्कं?' विचारलं होतं, तेव्हा मी खात्री करून घेतली नाही असं मात्र नाही. पुण्याच्या नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "गेलीच असणार गं. असती तर टीव्हीवर दिसली असती." मग आणखी एका बाईंना विचारलं.

माझा उजवा खांदा त्या हिवाळ्यात आखडला होता. विजय नगरमध्ये एका फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे मी दर गुरुवारी जात असे. मुलगी मल्हारगंजातल्या मराठी घरातली, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असलेली, हाताची जोरदार आणि तोंडाची गोड. आधी वीस मिनिटं शेक, मग व्यायाम. शेकायच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी. माझ्या शेजारी एक वाळकी म्हातारी गुडघ्याला शेक घेत बसायची. डोक्याला लोकरीची टोपी, जाड भिंगांचा चष्मा, तोंडावर मास्क. तिथे मास्क सक्तीचा होता, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींना कपाळ ते नाक एवढ्याच ठाऊक.

"मराठी का?" मी पहिल्या गुरुवारी विचारलं.

"हो."

पुरे होतं. तीन गुरुवार मी बोलले आणि त्यांनी ऐकलं. नावसुद्धा विचारलं नाही; माझ्या बोलण्यात समोरच्याच्या नावाची गरज पडत नाही. तिसऱ्या गुरुवारी यादीचा विषय निघाला. मी तिचं नाव घेतलं, विचारलं, आठवते का. त्या म्हणाल्या, "ऐकलंय." मग मी केसांची महिरप सांगितली, वही सांगितली, खिचडी सांगितली, हात हातात घेतलेला सांगितला. तिच्यासारखं रंगमंचावर नुसतं वळून बघणं कुणाला जमलं नाही, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "गेली ना हो ती?"

त्यांनी गुडघ्यावरची शेकायची पिशवी जरा सरकवली. म्हणाल्या, "गेली असेल. बरीच वर्षं झाली."

"बघा! तेच म्हणते मी."

दोन मतं मिळाली. संमेलनात मी उभी राहिले.

भाषण गाजलं. खिचडीच्या जागी दोन-तीन बायकांनी नाक पुसलं. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर पडला आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी एकेक चित्र मोजत बसले होते, इतकी मी खूश.

गुरुवारी शेकायला गेले तर शेजारची खुर्ची रिकामी. मुलगी माझा खांदा फिरवत म्हणाली, "आजी, तुमचा व्हिडिओ बघितला मी. गजब बोलता यार तुम्ही."

"असं का? बघितलास?"

"हो ना. पण एक बात बताऊं?" तिने हात थांबवला. "रागवू नका हं. त्या गेलेल्या नाहीत."

"कोण?"

"तुम्ही ज्यांचं बोललात. त्या इथे येतात माझ्याकडे. फाइलवर लग्नानंतरचं आडनाव आहे, म्हणून कुणाला समजत नाही. त्यांच्या भाचीने मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, मावशी पहले ॲक्ट्रेस थी, पण तो विषय काढू नका, त्यांना आवडत नाही." मग तिने हनुवटीने शेजारची खुर्ची दाखवली. "तीन हफ्ते तुम्ही त्यांच्याच बाजूला शेकत बसल्या ना, आजी."

माझा खांदा तिच्या हातात होता म्हणून मी खुर्चीवरून पडले नाही.

माझे कान तापले. मी त्या बाईला तिचीच गोष्ट सांगितली होती. तिच्या तोंडावर सांगितलं होतं, की तू माझा हात हातात घेतलास. तिलाच विचारलं होतं, की तू गेलीस ना. आणि ती 'गेली असेल' म्हणाली होती!

"आज आल्या का नाहीत?" मी विचारलं.

"माहीत नाही. भाचीला फोन लावला, उचलत नाही. दर वेळी टाइमवर येतात त्या, इसलिए मलाही जरा..."

तिथून माझी झोप गेली.

आपण ज्या नटीला कधी भेटलेलो नसतो तिला सर्रास 'ती' म्हणतो. त्या दिवसापासून माझ्या तोंडी 'त्या' आलं. आणि त्यांचं काय झालं असेल, याखेरीज डोक्यात दुसरं काही राहीना. त्यांनी तो व्हिडिओ बघितला असेल का? ग्रुपवरचं कुणीतरी भाचीला ओळखत असणारच. इंदूरच्या मराठी माणसांत तिसऱ्या फोनला सगळे नातेवाईक निघतात. ऐंशीच्या पुढची बाई. आपल्याच फोटोला हार, आपल्यासाठी उभी राहिलेली माणसं, आणि माइकवर ती बडबडी, जिच्याशेजारी आपण शेकत बसलो. धसका बसून काही झालं असेल तर? मी शुभ-अशुभ मानत नाही असं नातवंडांना ठणकावून सांगत असते. पण पेपर आला की आधी मागचं पान उघडायला लागले आणि निधनवार्तांवर बोट फिरवत त्यांचं नाव शोधायला लागले. दोन्ही आडनावांनी; सासरचं मी त्या फाइलवर वाचून घेतलं होतं. नाव नसलं की चहा घशाखाली उतरायचा. रस्त्याने ॲम्ब्युलन्स गेली, की ती विजय नगरकडे वळते का ते गॅलरीतून बघायची.

"तू लिहून दिलंस म्हणून कुणी मरत नाही," हे म्हणाले. "तेवढी तुझी वट असती तर आपल्या वरच्या मजल्यावरचा ड्रमवाला केव्हाच गेला असता."

मला हसू आलं नाही, यावरून माझी अवस्था समजावी.

पुढचा गुरुवार. खुर्ची रिकामी. फोन उचलला जात नव्हता.

शनिवारी मी सचिवांना खरं सांगून टाकलं. वाटलं होतं ते हबकतील. ते आधी मोठ्याने हसले, मग त्यांचा आवाज एकदम उत्साहाने भरला. "काकू, ये तो कमाल हो गया! उलट बरंच झालं. आपण त्यांचा सत्कार करू. 'ज्यांना आपण गमावलं समजत होतो, त्या आपल्यात आहेत!' बॅनर, शाल, सगळं. पेपरवाले धावत येतील. पुढच्या रविवारी टाकतो मी ग्रुपवर."

"अहो, त्यांना विचारलं का कुणी?"

"सत्काराला कोण नाही म्हणतं, काकू?"

मी हाता-पाया पडून रविवारपर्यंत त्यांचं तोंड बंद ठेवलं. आता माझ्याकडे आठवडा होता. त्या धडधाकट असतील तर बॅनरच्या आधी मला त्यांच्यापर्यंत पोचायचं होतं. आणि नसतील तर... त्याच्या पुढे विचार जात नव्हता.

फिजिओथेरपीवाली मुलगी आधी पत्ता देईना. "नियम आहे आजी, पेशंटची माहिती नाही देता येत." मी तिच्यासमोर काही न बोलता बसून राहिले. मी गप्प बसले आहे हे बघून ती घाबरली असावी. म्हणाली, "इथून दुसऱ्या गल्लीतली पिवळी बिल्डिंग आहे. फ्लॅट नंबर मी सांगितलेला नाही, समजलं?"

मी निघताना हे दारापर्यंत आले. "मी येऊ?"

"नको."

"मग या खेपेला डबा तरी नेऊ नकोस."

बिल्डिंगच्या फाटकात चौकीदार होता. मी त्यांचं नाव सांगितलं, तेच, एके काळी भिंतीभिंतीवर असलेलं. त्याने वही चाळली. "माताजी, इस नाम का तो यहां कोई नहीं है." सासरचं आडनाव सांगितलं, तेही त्याला ठाऊक नव्हतं. मग मी हाताने टोपी, चष्मा दाखवला.

"अच्छा, टोपीवाली अम्मा! तीसरी मंज़िल पे." त्याने वही मिटली. "बहुत दिन से नीचे नहीं उतरीं. पहले रोज धूप में बैठती थीं."

लिफ्टमध्ये मी तीनाचं बटण दाबलं आणि मग उगाचच ते आणखी दोनदा दाबलं. दार उघडलं, आणि समोरच्या फ्लॅटबाहेर चपला दिसल्या.

पंधरा-वीस जोड. दार अर्धवट उघडं. आणि आत एवढी माणसं असून आवाज नाही.

अशा चपला आणि अशी शांतता मी गेल्या दोन वर्षांत पुष्कळ दारांशी पाहिली होती. लिफ्टचं दार मागे बंद झालं. परत जावं, असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. यांना सांगायचं घर सापडलं नाही, सचिवांना सांगायचं विषय बंद करा, आणि पुढच्या संमेलनात यादी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. काय म्हणायचं आत जाऊन? 'मी पंधरा दिवस आधीच रडून घेतलं होतं'?

मग त्या चपलांकडे नीट बघितलं. सगळ्या लहान. एका सँडलवर गुलाबी ससा होता.

तेवढ्यात आतून एक चाळिशीची बाई हातात लाल पेन घेऊन आली. "टेस्ट सुरू आहे मुलांची," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही ॲडमिशनसाठी आल्या आहात का? नवीन बॅच एप्रिलमध्ये."

ही भाची. शिकवण्या घेणारी, आणि शिकवणीच्या वेळी फोन बंद ठेवून नंतर चालू करायला विसरणारी. मी विचारलं, "मावशी?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आहेत ना. सर्दी-खोकला झाला होता खूप, म्हणून खाली पाठवत नाही मी. तुम्ही कोण?"

कोण सांगू? "शेकायला शेजारी असते," मी म्हटलं.

वाकून जमिनीवर बसलेल्या, पेपर लिहिणाऱ्या मुलांच्या मधून वाट काढत मी मागच्या बाल्कनीच्या दारात आले. त्या उन्हात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. आज टोपी नव्हती, मास्क नव्हता. पांढरे, पोरासारखे कापलेले केस. गाल आत गेलेले, ओठ बारीक. पन्नास वर्षांनी मी तो चेहरा पहिल्यांदा उघडा बघत होते आणि त्यात माझ्या वहीतलं काहीच सापडत नव्हतं. कपाळ शोधलं, हनुवटी शोधली. वाटेत पाठ केलेली माफी होती, चांगली चार वाक्यांची. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, तुम्ही याल."

मी स्टुलावर बसले.

"खांदा कसा आहे?"

"बरा आहे."

"बघितलं मी ते," त्या म्हणाल्या. "हिच्या एका विद्यार्थिनीच्या आईने पाठवलं. हिने लपवून ठेवलं होतं, पण मला हिचा फोन उघडता येतो."

"माझी फार मोठी चूक झाली," एवढं कसंबसं माझ्या तोंडून निघालं.

"हो, झाली खरी." त्यांनी शाल गुडघ्यावर ओढून घेतली. "मला एक सांगा. तो खिचडीचा डबा. मी खूप आठवून बघितलं. हात हातात घेतल्याचं काही आठवेना. रात्रभर विचार केला, की आता हेही जायला लागलं का आपलं?"

एवढ्या वर्षांत ते वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. "घेतलाच नव्हता," मी म्हटलं. "तुम्ही 'ठेवा तिथे' म्हणालात आणि निघून गेलात."

त्या इतक्या हसल्या, की खोकला आला. भाचीने आतून मान काढून बघितलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "हे मात्र मी म्हटलं असेल. सगळ्यांनाच म्हणायचे. डबे फार येत तेव्हा." मग, "खाल्ली असेल कुणीतरी. वाया नसेल गेली."

मी सचिवांचं सांगितलं. रविवार, बॅनर, शाल, पेपरवाले. सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बोटं शालीच्या काठावर घट्ट झाली.

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा, नाव चुकून वाचलं गेलं, क्षमस्व, एवढी एक ओळ टाका. त्याला फोटो लावू नका. इथे खाली त्या चौकीदाराला मी टोपीवाली अम्मा आहे. तो मला उन्हात खुर्ची मांडून देतो. उद्या बॅनर लागला, की तो उभा राहून सलाम करणार, आणि पुढच्या महिन्यात परत विसरणार. ते एकदा झालंय माझं. पुन्हा नाही हो होणार माझ्याच्यानं."

"नाही लागणार बॅनर," मी म्हटलं. "मी बघते त्यांच्याकडे." त्याच संध्याकाळी मी सचिवांना फोन केला आणि शाळेतला आवाज काढला. रविवारी ग्रुपवर एकच ओळ आली. बहुतेकांनी ती वाचली नसावी. तिच्याखाली लगेच कुणीतरी कचोरीच्या नव्या दुकानाचा पत्ता विचारला होता.

पण ते नंतरचं. त्या दुपारी बाल्कनीत भाचीने चहा आणून दिला, आत मुलांनी पेपर गोळा करायला सुरुवात केली, आणि निघायची वेळ झाली तरी मला उठवेना. एक गोष्ट विचारायची राहिली होती. त्या माझ्याशेजारी वीतभर अंतरावर बसल्या होत्या. मी त्यांना त्यांच्याबद्दलच विचारलं होतं. एका शब्दाने हे सगळं, हार, फोटो, माझे ते पंधरा दिवस, काहीच झालं नसतं.

"तुम्ही तिथेच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "'गेली असेल' का म्हणालात?"

त्यांनी चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, परत लावला.

"सांगणार होते हो. अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही इतकं छान बोलत होतात माझ्याबद्दल, इतक्या वर्षांत कुणी तसं बोललं नव्हतं. आणि मी मास्क खाली करून 'मीच ती' म्हटलं असतं ना, तर तुम्ही नीट बघितलं असतं माझ्याकडे, आणि गप्प झाला असतात. मघाशी दारात झालात तशा."